चाबी कोणाकडे?

‘सिंडिकेट’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. कुणाला सिंडिकेट बँक आठवते, कुणाला इंदिरा गांधींशी भांडलेले काँग्रेसमधले जुने पुढारी आठवतात, आणि हिंदी सिनेमे बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तर थेट तस्करांची टोळीच येते. मागच्या महिन्यात मंडळाच्या कट्ट्यावर परक्या शब्दांचा विषय निघाला आणि या एका शब्दावर पाऊण तास गेला. मूळ फ्रेंच शब्द ‘सँदिका’. त्याचा तिथला साधा अर्थ कामगार संघटना, म्हणजे आपली युनियन. त्यावरून आला सिंडिकॅलिझम. मराठीत आपण श्रमिकसंघवाद म्हणू या. ‘‘म्हणजे युनियनवाल्यांचा वाद, एवढंच ना?’’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. पण वसतिगृहावर परतताना मला आजोबांचं एक जुनं वाक्य आठवलं, आणि वाटलं, हा शब्द आपण फार स्वस्तात सोडला.

मी आदिलाबादची. मुंबईत हे सांगितलं की ‘‘मग तू तेलुगू?’’ असा प्रश्न ठरलेला. पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होतं हे खरं, पण आमच्या गावातल्या बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी अशा चारही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. किनवट आणि राजुरा हे आजचे महाराष्ट्रातले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा सरकली, माणसं आणि कापूस जागेवरच राहिले. आमच्याकडे कापूस म्हणजे सगळं. दिवाळी झाली की गाड्यांच्या रांगा लागतात आणि जिनिंगची धडधड सुरू होते.

आईचे वडील अशाच एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं दुरुस्त ठेवायची, रोलर घासले की बदलायचे, हे त्यांचं काम. आई दहावीला असताना एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं आणि शेजारी टाइप केलेला कागद. सगळे दुपारपर्यंत उभे राहिले, मग एकेक जण घरी गेला. आजोबा ही गोष्ट सांगताना मालकाला शिव्या देत नाहीत. ते एवढंच म्हणतात, ‘‘मशीन आमाले चालवता येत होती, पोरी. चाबी आमची नव्हती.’’

श्रमिकसंघवादाचा सगळा प्रश्न या वाक्यात आहे. ज्याला यंत्र चालवता येतं त्याच्याकडे चाबी का नाही?

कुलूप लागलं तर काय मागायचं?

कारखान्याला कुलूप लागलं तर कामगार काय मागू शकतात ते पाहू. पहिली मागणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: थकलेला पगार द्या, नुकसानभरपाई द्या, जमलं तर नवा मालक आणा. ही नेहमीची युनियन. ती मालकाशी भावाची घासाघीस करते, पण मालक असणार हे धरूनच चालते. दुसरी मागणी समाजवाद्यांची: सरकारनं कारखाना ताब्यात घ्यावा. इथे मालक बदलतो आणि त्याच्या जागी खातं येतं. तिसरी मागणी श्रमिकसंघवाद्यांची: कारखाना आम्ही चालवू. खाण खाणकामगारांच्या संघटनेनं चालवायची, रेल्वे रेल्वे कामगारांच्या संघटनेनं, आणि या संघटनांनी आपसांत ठरवून देशाचा कारभार करायचा. मालक नको, आणि मालकाच्या खुर्चीत बसलेलं सरकारही नको.

हा विचार आकाराला आला फ्रान्समध्ये. तिथे १८९५ मध्ये सेजेते ही कामगार संघटनांची महासंघटना स्थापन झाली. तिच्या बरोबरीने गावोगावी ‘बूर्स द्यु त्राव्हाय’ नावाची कामगार केंद्रं चालत. काम शोधायला मदत, वाचनालय, रात्रीचे वर्ग, संपकऱ्यांना आधार असं सगळं एका छपराखाली. फेर्नां पेलूतिए हा तरुण या केंद्रांचा आत्मा होता. क्षयाने तो तिशीतच गेला, पण कामगारांनी आधी स्वतःला शिकवलं पाहिजे हा त्याचा आग्रह मागे राहिला. १९०६ मध्ये आमिआँ शहरात सेजेतेचं अधिवेशन भरलं आणि तिथे एक सनद मंजूर झाली. तिचा गाभा दोन गोष्टींत सांगता येतो. एक, संघटना कुठल्याही राजकीय पक्षाच्या दावणीला बांधायची नाही. दोन, आज जी संघटना मालकाशी लढते तीच उद्या उत्पादन आणि वाटप सांभाळेल. म्हणजे युनियन ही नुसती ढाल नव्हे, ती उद्याच्या कारभाराची शाळाही आहे.

त्यांची हत्यारं तीन. पहिलं ‘थेट कृती’. आपल्या वतीने निवडून गेलेला कुणी विधिमंडळात भांडेल याची वाट न पाहता कामाच्या जागीच काय ते करायचं. दुसरं ‘सॅबोटाज’. हा शब्द लाकडी बुटाच्या, म्हणजे ‘साबो’च्या, नावावरून आला. बूट यंत्रात फेकल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण कामगार चळवळीत त्याचा पहिला अर्थ होता जाणूनबुजून संथ आणि बेंगरूळ काम करणं. वाईट पगाराला वाईट काम, इतका सरळ हिशोब. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे सार्वत्रिक संप. एका दिवशी सगळ्यांनीच हात खाली ठेवले की देश कोण चालवतं हे आपोआप उघडं पडतं. जॉर्ज सोरेल या लेखकाने १९०८ मध्ये या संपावर पुस्तकच लिहिलं. त्याच्या मते असा संप प्रत्यक्षात होतो की नाही याहून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात हे महत्त्वाचं.

आणखी एक मुद्दा मला आजोबांमुळे कळला. त्यांच्या जिनिंगमध्ये फिटरांचा गट वेगळा, हमालांचा वेगळा, आणि कापूस निवडणाऱ्या रेजांचा तर गटच नव्हता. मालक एकाला चार पैसे वाढवून दुसऱ्याला गप्प बसवी. श्रमिकसंघवाद्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. अमेरिकेत १९०५ मध्ये शिकागोला ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संघटना निघाली, ती याच कारणासाठी. धंद्याप्रमाणे तुकडे नकोत. एका उद्योगातले सगळे, कुशल असोत वा अकुशल, स्त्री असो वा पुरुष, गोरे असोत वा काळे, एका संघटनेत.

कोळशाच्या देशात

आता जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार भाग झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. यातलं मंचिर्याल म्हणजे कोळसा. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर ही नावं आमच्याकडे गावांची म्हणून कमी आणि खाणींची म्हणून जास्त घेतली जातात. खाणकामगारांना तेलुगूत ‘नल्ल सूर्युलु’ म्हणतात, काळे सूर्य. शब्द सुंदर आहे. पाळीवरून परतणारा माणूस पाहिला की तो खराही वाटतो.

सिंगरेणी कंपनीची गोष्ट मालकीच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. येल्लंदूजवळ १८७१ मध्ये डॉ. किंग यांना कोळसा सापडला. १८८६ मध्ये खाणकामासाठी हैदराबाद (दख्खन) कंपनी निघाली, तिचे भागधारक इंग्लंडमधले. १९२० मध्ये तिचं सिंगरेणी कॉलरीज झालं. १९४५ मध्ये निजाम सरकारनं कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले, आणि आज ५१ टक्के मालकी तेलंगण सरकारची, ४९ टक्के केंद्राची आहे. म्हणजे वर सांगितलेली दुसरी मागणी इथे केव्हाच पूर्ण झाली: खाण सरकारची झाली.

मग प्रश्न सुटला का? याचं उत्तर शोधताना मला वेल्सच्या खाणकामगारांचं एक छोटं पुस्तक सापडलं. दक्षिण वेल्समधल्या टोनीपँडी इथे १९१२ मध्ये ते छापलं गेलं. नाव ‘द मायनर्स नेक्स्ट स्टेप’, म्हणजे खाणकामगाराचं पुढचं पाऊल. लिहिणारे स्वतः खाणीत उतरणारे, नोआ ॲब्लेट त्यांतला प्रमुख. त्या काळी इंग्लंडात खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी जोरात होती. या मंडळींनी तिला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की सरकार मालक झालं तर कामगारापुढे आणखी बलाढ्य मालक उभा राहील. खाणीत उतरणारा तोच, हुकूम सोडणारा मात्र आता वेशीबाहेरचा नव्हे, तर राजधानीतला. त्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांनाही सोडलं नाही. निर्णय थोड्या पुढाऱ्यांच्या हाती गेला की सामान्य सभासद विचार करणं सोडतो, असं त्यांनी बजावलं.

हे मनात ठेवून सिंगरेणीकडे पाहिलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली अभिमानाची आहे. इथे १९९८ पासून मान्यताप्राप्त युनियन कोणती, हे कामगार गुप्त मतदानाने ठरवतात. डिसेंबर २०२३ मध्येही अशी निवडणूक झाली. खाणीखाणीवर मतपेट्या, घोषणा, सगळा माहोल विधानसभेचा. शिवाय दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला कंपनीच्या नफ्यातला ठरावीक हिस्सा कामगारांना मिळतो. गेल्या काही वर्षांत तो ३० टक्क्यांच्या पुढे गेला आहे. त्या आठवड्यात मंचिर्यालच्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. देशात किती कामगारांना हे भाग्य मिळतं?

दुसरी गोष्ट अशी, की नफ्यात वाटा मिळाला तरी निर्णयात वाटा मिळतोच असं नाही. कुठली खाण बंद करायची, कुठे जमीन उघडून खुली खाण काढायची, किती काम ठेकेदाराला द्यायचं, हे ठरतं वर. १९९० च्या सुमाराला सिंगरेणीत एक लाखाहून अधिक कायम कामगार होते. आज ते ४० हजारांच्या आसपास आहेत. खुल्या खाणीत मोठी यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली. हा बदल योग्य की अयोग्य, यावर दोन बाजू असू शकतात. पण तो मतपेटीत कधीच आला नाही. मतपेटीत आली ती फक्त युनियनची नावं. आणि मत आहे ते कायम कामगाराला. शेजारी तीच धूळ खाणाऱ्या ठेक्यावरच्या कामगाराला ते नाही.

आपल्या राज्यघटनेला हा प्रश्न माहीत आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ घातलं गेलं: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा म्हणून राज्याने पावलं उचलावीत. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही, नुसतं दाखवता येतं.

सार्वत्रिक संप मात्र आम्ही पाहिला आहे. सप्टेंबर २०११ मध्ये वेगळ्या तेलंगणासाठी ‘सकल जनुल सम्मे’, म्हणजे सगळ्या जनतेचा संप, सुरू झाला आणि ४२ दिवस चालला. शिक्षक, बसचे चालक-वाहक, सरकारी नोकर आणि सिंगरेणीचे खाणकामगार सगळेच उतरले. मी तेव्हा लहान होते. शाळा बंद म्हणून आम्ही पोरं खूश, आणि संध्याकाळी दिवे जात तेव्हा मोठी माणसं म्हणत, कोळसा थांबलाय. सोरेलचं नावही न ऐकलेल्या लोकांनी त्याचं म्हणणं सिद्ध केलं: हात थांबले की देश कुणाच्या हातावर चालतो ते कळतं. पण त्या संपाची मागणी राज्याची होती, खाणीच्या चाबीची नव्हती. जून २०१४ मध्ये राज्य मिळालं. चाबी जिथे होती तिथेच राहिली.

मुंबईतली चाबी

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण ज्या शहरात आपण शिकतो त्या शहराने तर हा प्रश्न माझ्या गावाच्या कितीतरी आधी विचारला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. दर रविवारी उशिरा उठताना या माणसाची आठवण काढायला हवी. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्यांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. हा राजकीय संप होता, आणि त्यामागे पुस्तक नव्हतं, माणसं होती.

श्रमिकसंघवादाच्या सगळ्यांत जवळ आपण आलो ते १९२८ मध्ये. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. संपातच गिरणी कामगार युनियन जन्मली. डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर ही नावं आपण ऐकतो, पण तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या पुढे गेले. तिचं खरं बळ होतं गिरणी कमिट्यांत. गिरणीगणिक कामगारांनी आपली कमिटी निवडायची आणि खात्यातली रोजची तक्रार तिनेच हाती घ्यायची. तोवर कामावर घेणं, काढणं, लाच खाणं सगळं जॉबरच्या हाती असे. कमिटीने त्याच्या सत्तेलाच हात घातला. हे पुढारी साम्यवादी होते, श्रमिकसंघवादी नव्हते. त्यांची नजर राज्यसत्तेवर होती. पण वेल्सच्या त्या पुस्तकातल्या खाणकामगारांना या कमिट्या नक्की ओळखीच्या वाटल्या असत्या. १९२९ मध्ये मीरत खटल्यात पुढाऱ्यांना धरलं गेलं आणि तो अंकुर दबला.

याच मुंबईत खराखुरा श्रमिकसंघवादी विचार मांडणारा एक माणूस १९३५ ते १९५४ राहत होता, हे मला हा लेख लिहिताना कळलं. एम. पी. टी. आचार्य हे मूळचे मद्रासचे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये ते सावरकरांच्या सोबत होते. १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली तेव्हाही ते तिथे होते. पण सगळी सत्ता एका पक्षाच्या हाती जाते हे पाहून त्यांचं मन उडालं, आणि बर्लिनमध्ये ते श्रमिकसंघवाद्यांच्या वर्तुळात आले. स्वतंत्र भारतातही त्यांचं म्हणणं एकच होतं: गोऱ्या साहेबाच्या जागी काळा साहेब आला म्हणून कामगार मोकळा होत नाही. मुंबईतच हलाखीत त्यांचा शेवट झाला.

मग १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगाराच्या मागण्या होत्याच, पण एक मागणी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्ध होती. या कायद्याने एका धंद्यात एकच युनियन ‘प्रातिनिधिक’ ठरे आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क तिचाच. आमच्या बाजूने कोण बोलणार हे आम्ही ठरवू, ही त्या संपाची एक मोठी हाक होती. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरघळला. पुढे गिरण्यांना कुलपं लागली आणि त्या जागी काय उभं राहिलं ते आपण लोअर परळला रोज बघतो.

पण याच दशकात कुर्ल्यात उलटी गोष्ट घडली, आणि मला वाटतं ती प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत हवी. कमानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेच्या नळ्या करणारा कारखाना. मालक कुटुंबात भांडणं, कर्ज थकलेलं, वीज तोडलेली, आणि १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. सुमारे सहाशे कामगार रस्त्यावर. त्यांच्या युनियनने, तिचे पुढारी डी. थंकप्पन, नवा मालक शोधण्याऐवजी वेगळीच योजना मांडली: कारखाना आम्हीच घेतो. कामगारांनी सहकारी संस्था काढली, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे घातले, पगारात कपात स्वीकारली, आणि कारखाना कसा नफ्यात येईल याचा हिशोब कागदावर मांडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सप्टेंबर १९८८ मध्ये योजना मंजूर झाली आणि १९८९ मध्ये नळ्या पुन्हा निघू लागल्या. कुलूप उघडलं ते यंत्र चालवणाऱ्यांनीच.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखाना पुन्हा आजारी पडला. खेळत्या भांडवलाची चणचण आणि आतले मतभेद, ही दोन दुखणी. हे लपवून गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

मग हे चालतं का?

जगात सर्वांत मोठा प्रयोग झाला स्पेनमध्ये. १९३६ मध्ये लष्कराने बंड केलं तेव्हा बार्सिलोनात सेएनते या श्रमिकसंघवादी संघटनेच्या कामगारांनी ट्राम, टेलिफोन आणि कारखाने ताब्यात घेऊन चालवून दाखवले. यादवी युद्धात प्रयोग गुदमरला आणि १९३९ मध्ये फ्रँकोच्या विजयाबरोबर संपला. स्पेनच्याच बास्क भागात, त्याच फ्रँकोच्या राजवटीत, होसे मारिया अरिस्मेंदियारिएता या कॅथलिक धर्मगुरूने मोंद्रागोन गावात १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली. तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा कारखाना सुरू केला, आणि त्या सहकारी संस्थांचं जाळं आजही उभं आहे. आपल्याकडे कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने कामगारांनी १९५७-५८ पासून सहकारी संस्था काढल्या. इंडियन कॉफी हाउसमध्ये तुरेवाला फेटा घालून तुम्हाला कॉफी देणारा माणूस नुसता वेटर नसतो, संस्थेचा सभासद असू शकतो. ही दोन्ही उदाहरणं सहकाराची आहेत, संपाने देश बदलण्याची नाहीत. श्रमिकसंघवादी म्हणेल, तुम्ही एक बेट केलंत, समुद्र तसाच आहे. पण बेटावर चाबी कामगाराकडे आहे, हेही खरं.

माझी शंका वेगळी आहे, आणि ती आमच्या जिल्ह्यातूनच येते. खाण खाणकामगारांची म्हटलं, तर जिच्यावर खुली खाण पसरली त्या शेताचा मालक कुठे बसणार? युनियनच्या सभेत तो नाही. जोडेघाटचा कोमरम भीम १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, तो जंगल आणि जमिनीवर तिथे राहणाऱ्याचा हक्क मागताना. त्याचाही प्रश्न चाबीचाच होता, पण त्याच्या हाती यंत्र नव्हतं, नांगर होता. फक्त कामाच्या जागेवरून हक्क मोजला, तर कोळशासाठी उठवलेलं गाव, ठेक्यावरचा मजूर आणि घरी डबा भरणारी बाई मोजणीतून सुटतात. आजोबांच्या जिनिंगमधल्या रेजांसारख्या. म्हणून मला श्रमिकसंघवाद हा पूर्ण उत्तर वाटत नाही. पण तो बरोबर प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न आपण विचारायचाच सोडून दिला आहे.

त्याचा पुरावा जवळच आहे. कागजनगरची सिरपूर पेपर मिल निजामाच्या काळातली. गावाचं नावच तिच्यावरून पडलं. २०१४ मध्ये ती बंद झाली. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, सरकारने खटपट केली, आणि २०१८ मध्ये जेके पेपरने मिल घेतली. गावात दिवाळी झाली, आणि व्हायलाच हवी होती, कारण चार वर्षं चूल कशी पेटली हे ज्याचं त्याला माहीत. पण त्या चार वर्षांत सगळ्यांच्या तोंडी प्रश्न एकच होता, नवा मालक कोण? कुर्ल्यातल्या सहाशे जणांनी जो विचारला होता, तो कुणी मोठ्याने विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजोबांना कमानीची गोष्ट सांगितली. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी चष्मा काढला आणि पहिला प्रश्न टाकला, ‘‘पैसा कुठून आणला त्याहीनं?’’ मी भविष्यनिर्वाह निधीचं सांगितलं. मग दुसरा, ‘‘अन् माल कोण घेत होतं?’’ मग तिसरा, ‘‘कोणी ऐकलं नाही तर काढाचा अधिकार कोणाकडे होता?’’ अर्धा तास ते असेच विचारत राहिले. भांडवल, बाजार, शिस्त. व्यवस्थापनाच्या वर्गात जे विषय सहा महिने शिकवतात, ते फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस ओसरीवर बसून एकामागून एक काढत होता. त्यांना हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी म्हणाले, ‘‘आम्ही बारा वाजेपर्यंत उभे होतो गेटवर. तवा हे माहीत असतं, तर बसून बोललो असतो.’’

कुलूप तोडलं असतं, असं ते म्हणाले नाहीत. बसून बोललो असतो म्हणाले. पेलूतिएच्या त्या कामगार केंद्रांमध्ये, माझ्या मते, याहून वेगळं काही शिकवलं जात नसावं.

मंडळींनो, येत्या सुट्टीत घरी गेलात तर एवढं करा. तुमच्या घरात गिरणीत, बँकेत, शेतात, दवाखान्यात, कुठेही आयुष्यभर काम केलेलं एखादं माणूस असेलच. त्यांना विचारा, ‘‘तुमच्या हातात चाबी असती तर काय केलं असतं?’’ उत्तर लिहून आणा. पुढच्या कट्ट्याला तेच वाचू.